समोर बाबा बसलेत असं समजा

ती. बाबा,

फिल्म बनवता बनवता मी घाबरलेल्या माणसांना बोलायलाही शिकवते. सांगते, "कॅमेरा विसरा, समोर तुमचे बाबा बसलेत असं समजा."

आगीत नवरा गमावलेली बाई परवा तसंच समजून बोलली. "बाबा, कारखान्याच्या मागच्या दाराला कुलूप होतं हो! तपासणीच्या साहेबांनी ते बघूनही सही ठोकली."

ते तपासणीचे साहेब तुम्हीच होतात.

उद्या तुम्ही माझ्या कॅमेऱ्यापुढे बसणार. लेकीच्या फिल्मसाठी म्हणून हौसेनं नवा शर्टही शिवलात. प्रश्न आधी कळवायचे नाहीत हा माझा नियम, म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील.

पण उद्या माझीच वाचा बसली, तर समोर कोण बसलंय असं समजून बोलू?

तुमचीच,
बडबडी