एकटं किती राहिलं

सांगली,
१५ सप्टेंबर १९९६

अक्का,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. दाजींचा गुडघा कसा आहे? मिरजेला दाखवायचं ठरलं तर आधी कळव, मी स्टेशनवर येईन.

संयोगिता कॉलेजात रुळली आहे. गेल्या मंगळवारी मात्र ती माझ्या तासातून उठून गेली. तिने तुला सांगितलं नसेल.

मी मूळ संख्या शिकवत होतो. शून्य, एक, दोन एवढेच अंक वापरून, तीन-तीनच्या पटीत संख्या कशी लिहायची ते फळ्यावर दाखवलं. सातात तीन दोनदा आणि वर एक, म्हणून सात म्हणजे २१; अकरात नऊ एकदा, तीन एकदाही नाही आणि वर दोन, म्हणून अकरा म्हणजे १०२; तेरा म्हणजे १११. मग दरवर्षीप्रमाणे म्हणालो, की दोन सोडून कुठलीही मूळ संख्या अशी लिहा, तिच्यात एक हा अंक विषम वेळाच येणार. हे कुणी शोधलं, असं एकीने विचारलं. विद्यार्थी असताना मला सुचलं, असं मी म्हणालो.

संयोगिता उभी राहिली. "सर, हे माझ्या आईचं आहे."

मी तिला खाली बसायला सांगितलं. ती बसली नाही, बाहेर गेली.

अडुसष्टच्या मे महिन्यात आपण बियाण्याच्या शेंगा फोडत होतो. हुशारी दाखवायला मी तुला ही पद्धत शिकवली. तुझी शाळा सातवीलाच सुटलेली. तू दाण्यांचे तीनाचे, नवाचे, सत्तावीसचे ढीग लावलेस आणि संध्याकाळपर्यंत मला हे सांगितलंस. मी कारण विचारलं. तू म्हणालीस, "सगळं ढीग इषमच हायत. दोन आलं की जोडी लागली, ती सोडून दे. एकटं किती ऱ्हायलं, तेवढंच मोज."

कॉलेजच्या वार्षिक अंकात ते माझ्या नावाने छापून आलं. तो अंक मी गावाकडे आणला नाही. गणित तसं सोपं आहे, सगळ्याच विषम संख्यांना लागू पडतं, जाणकारांना ठाऊकच असणार. त्यामुळे त्यात चोरी ती कसली, अशी मी समजूत घातली.

बुधवारी वर्गात खरं सांगितलं. फळ्यावर तुझं पूर्ण नाव लिहिलं, अंबूबाई आकाराम थोरात. संयोगिता आली नव्हती. शुक्रवारी आली, तेव्हा तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग, सर? आईला लिहा." वर्गाबाहेर ती मला मामा म्हणायची. आता तिथेही सर म्हणते.

एक गोष्ट तिलाही सांगितलेली नाही. अडुसष्टच्याच जूनमध्ये साताऱ्याला कॉलेजात आमच्या सरांना मी तुझे ढीग सांगितले होते. तेव्हा तुझंच नाव घेतलं होतं. त्यांनी बाहेरून मॅट्रिकला बसायचा फॉर्म आणून दिला, बहिणीला दे म्हणाले, शिकवायची जबाबदारी माझी म्हणाले. तो फॉर्म दिवाळीपर्यंत माझ्या ट्रंकेत होता. बहीण तयार नाही, असं मी त्यांना सांगितलं. माघात तुझं लग्न झालं.

विसरलो नव्हतो, अक्का. तू माझ्या पुढे जाशील, हे मला त्या संध्याकाळीच कळलं होतं.

हे पत्र तू एकटीनेच वाच, असं लिहिणार होतो. तसं लिहीत नाही. दाजींना वाचून दाखव, पोरीलाही दे.

भाऊसो