आडवं होऊन जायचं तिकीट

प्रिय मार्लिस,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुझ्या काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगतो, आर्डिस अजून आहे. आत्ता समोरच्या खोलीत खिडकीपाशी तिच्या खाटेवर डोळे मिटून पडली आहे, आणि मी स्वयंपाकघरात बसून लिहितोय. माझी शाळा आठवीत सुटली आणि मी गाईंमागे लागलो, तेव्हा शुद्धलेखनाला हसू नकोस. तू हसणारच म्हणा.

तुझ्या बहिणीचं दुखणं आता मणक्यात उतरलंय. खुर्चीत बसवलं की कॉफीचा कप संपायच्या आत तिचा चेहरा पांढरा पडतो. आडवी असली की बरी असते, आणि मग मला सांगत बसते, कोपऱ्यात जाळं लागलंय, चुलीवर काहीतरी करपतंय. करपत काही नसतं, तरी मी उठून बघून येतो. आता लिहितानासुद्धा दोनदा बघून आलो.

तिला तुझ्याकडे नॉर्वेत बर्गनला आणायचं, हे माझ्या डोक्यात मका कापायच्या दिवसांतच आलं होतं. पण समुद्र ओलांडायचा तर झोपून. खुर्चीची खाट होते असं विमानात असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. बिझनेस क्लास म्हणजे टाय लावणाऱ्या लोकांचं काहीतरी, असं मी समजत होतो. लायब्ररीतल्या व्हर्नाने कॉम्प्युटरवर भाव काढून दाखवला. मी टोपी काढली आणि पुन्हा घातली. तेवढ्या पैशांत आमचा जुना ट्रॅक्टर आला होता. व्हर्ना म्हणाली, "ऑर्व्हिल, असा घाबरून जाऊ नकोस. मंगळवारी ये, मंगळवारी स्वस्त असतं." मंगळवारी गेलो. मग म्हणाली, "शिकागोहून निघालात तर निम्म्यात पडेल." म्हटलं, "बाई, शिकागोपर्यंत आर्डिसला काय गवताच्या गाडीत घालून नेऊ?" एकदा आइसलंडवरून जाणारं खरंच स्वस्त सापडलं. मी पैसे आणायला कोट चढवून निघालो होतो, तेवढ्यात व्हर्नाने त्यातल्या खुर्चीचं चित्र दाखवलं. ती अर्धीच मागे जाते. कोट घातलेलाच होता, तसाच घरी आलो.

मग मी फोन करायला लागलो. विमान कंपनीच्या बाया बोलायला गोड, पण वाजणारं गाणं फार वेळ ऐकवतात. आणि एके दिवशी, मार्लिस, माझं नशीब माझ्या कानाशी येऊन उभं राहिलं होतं. ती बाई म्हणाली, "सर, आत्ताच कोणीतरी दोन जागा सोडल्यात, झोपायच्या. तुम्हाला निम्म्या भावात देते. देऊ का?" आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "नको नको, एवढं कशाला. आमच्याहून कोणी गरजू असेल." ती म्हणाली, "ठीक आहे सर, दिवस छान जावो." फोन बंद. मी तसाच उभा, ती पुन्हा विचारेल म्हणून. पुन्हा लावला तेव्हा दुसरीच कोणी होती आणि जागा गेल्या होत्या.

आर्डिसने पलंगावरून सगळं ऐकलं होतं. ती इतकी हसली की हसता हसता पाठ धरली. म्हणाली, "अरे वेड्या, ती बाई टेक्ससची असेल! ते लोक एकदाच विचारतात." मग दिवसभर मध्येच म्हणायची, "ऑर्व्हिल, सूप देऊ का? नको? बरं, दिवस छान जावो." मीही हसलो. मग गोठ्यात जाऊन बसलो. गाई विकल्या तरी गोठा आहे अजून.

तुला आठवतं का, तू बर्गनला जायच्या आधी मी पहिल्यांदा तुमच्या घरी आलो होतो? तुझी आई लेफ्से लाटत होती, लोणी आणि साखर लावून गुंडाळलेल्या त्या बटाट्याच्या पोळ्यांचा वास सगळ्या घरात होता. तू बशी पुढे केलीस. मी रीतीप्रमाणे म्हटलं, "नको." तू म्हणालीस, "बरं," आणि बशी उचलून चालती झालीस! आपल्याकडे दोनदा नाही म्हणायचं आणि तिसऱ्यांदा घ्यायचं, हे तुला काय माहीत नव्हतं? चांगलं माहीत होतं. दाराआड उभी राहून हसत होतीस. मी उपाशी फाटकापर्यंत गेलो, आणि मागून आर्डिस धावत आली, रुमालात दोन पोळ्या घेऊन. तिने तिथेच बर्फात उभं राहून मला आणखी दोनदा विचारलं. बाकी लोक काहीही म्हणोत, माझं लग्न तिथेच ठरलं.

शेवटी तिकीट सापडलं ते चर्चच्या तळघरात. बियाणं विकणारा डेल्बर्ट, शाळेत तुझ्या मागच्या बाकावर बसायचा तो, जन्मभर विमानातून हिंडला. विमान कंपनीकडे त्याच्या नावावर मैलच मैल साठलेत, त्यांच्या बदल्यात फुकट तिकीट मिळतं. कॉफी ओतता ओतता म्हणाला, "माझे मैल घे, ऑर्व्हिल. मला आता कुठे जायचंय?" म्हटलं, "छे छे." त्याने साखर ढवळली. "अरे, कुजतायत नुसते." म्हटलं, "नाही रे, तुझ्या नातवंडांना होतील." तो कप खाली ठेवून म्हणाला, "हे बघ, तिसऱ्यांदा विचारतोय. आता नाही म्हणालास तर तुझ्या डोक्यावर कॉफी ओतीन." मी हो म्हणालो आणि मला रडू आलं, तेव्हा तो खिडकीबाहेर बघत हवेविषयी बोलत राहिला. भला माणूस.

आता आर्डिसचं सांगतो. नॉर्वेला जाऊ या असं मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ती "नको" म्हणाली होती. नाताळात पुन्हा विचारलं, पुन्हा "नको." मला त्याचं काही वाटलं नाही. तिकिटं हातात घेऊन तिसऱ्यांदा विचारेन, असं ठरवूनच मी हिवाळाभर धडपडत होतो. दोन आठवड्यांपूर्वी तिकिटं घेऊन तिच्यापाशी बसलो. तिने ती नीट वाचली, माझ्या गालाला हात लावला आणि म्हणाली, "नाही, ऑर्व्हिल." तिसऱ्यांदा. मार्लिस, एवढ्या वर्षांच्या संसारात तिला तिसऱ्यांदा नाही म्हणताना मी कधी ऐकलं नव्हतं.

मी तिकिटं पुन्हा पाकिटात घातली. मग तीच म्हणाली, "मला डोंगर बघायचे नाहीत आणि समुद्रही नाही. मला मार्लिसची कटकट ऐकायचीय. इथे, या खिडकीत."

त्यानंतर तू इकडे यावंस म्हणून तुला दोनदा फोन केला. पहिल्यांदा तू म्हणालीस, "कशाला उगाच, मी येऊन तुमचं कामच वाढवीन." गेल्या रविवारी म्हणालीस, "माझं कंबरेचं हाड असं, एवढा वेळ बसवत नाही, राहू दे." फोन तिच्या उशाशीच असतो. तिला माझंच बोलणं ऐकू येतं. दोन्ही वेळा मी "बरं, राहू दे" म्हणालो आणि तिने तोंड खिडकीकडे फिरवलं. म्हणून या वेळी फोन नाही, तातडीच्या टपालाने हे पत्र. डेल्बर्टने आमची दोन्ही तिकिटं रद्द करून मैल परत मिळवलेत आणि त्यातून एक जागा तुझ्या नावाने घेतली आहे, बर्गनहून ऑस्लोमार्गे मिनिआपोलिसपर्यंत. खुर्चीची पूर्ण खाट होते, व्हर्नाने चित्र मोठं करून दाखवलं, मी दोनदा खात्री केली. कागद याच पाकिटात आहे. नर्स म्हणते, आर्डिसकडे तळ्यावरचं बर्फ फुटेपर्यंतचा वेळ आहे, कदाचित. मी रोज सकाळी काठीने ठोकून बघतो. कडेचं आता पातळ वाजतंय. तेव्हा मार्लिस, हे तिसऱ्यांदा. त्या दिवशी तू बशी उचलून घेऊन गेलीस. मी ती धरून दारात उभा आहे. ये.

बशी धरून उभा असलेला, तुझाच,
ऑर्व्हिल