पातेल्याजवळ दिलेला होकार

आई,

तू काढून ठेवलेलं हिरवं पातळ मी नेसले नाही. मागच्या रविवारी आपण स्टेशनसमोर फुटपाथवरच्या लोकांना जेवायला वाढत होतो, तेव्हा इतवारीच्या त्या मुलाकडच्या मंडळींना माझं वाकून वाढणं आवडलं. बाबांनी तिथेच, भाताच्या पातेल्याजवळ, लग्नाला होकार देऊन टाकला. मला फक्त पानावर बसलेल्या भीमाबाईने विचारलं, “तुले पसंत हाय का वं, पोरी?”

आज मौद्याला मावशीकडे निघून जावं असं फार वाटलं. पण फुटपाथवरची माणसं आपली वाट पाहत उपाशी बसतात, म्हणून पुढे वाढायलाच जाते आहे. इतवारीची मंडळीही येतील. त्यांच्यासमोरच मी नाही म्हणणार आहे. तेव्हा तू माझ्याजवळ उभी राहा.

चारू