बुधवारचा उपवास

आई,

तुम्ही पूजेत होतात, म्हणून लिहून ठेवतेय. मी सावली गावाला कामावर निघालेय.

ओट्यावरच्या डब्यात कुकीज आहेत. तुम्ही कुणाला टाकू न दिलेली ती काळी पडलेली केळी, दाण्याचं कूट आणि खोबरं. धान्याचा कण नाही, म्हणजे मलाही चालतात आणि तुमच्या उपवासालाही.

पण आई, सोमवार समजला, चतुर्थी समजली. हा बुधवार कुठल्या देवाचा? डॉक्टरांनी माझं धान्य बंद केल्यापासून तुमचे देव वाढलेत. बाबा तर साबुदाणा पाहिला की देवघराकडे रागानं बघतात! मी एकटीनं वेगळं ताट घेऊन बसू नये म्हणूनच ना हे सगळं? इतकं माझ्यासाठी कुणी केलं नव्हतं.

काल चतुर्थीच्या उपवासात रिकाम्या पोटी बीपीची गोळी घेऊन तुम्हाला जिन्यात चक्कर आली, हे शेजारच्या हंसाबेननी सांगितलं. त्यांच्यावर रागावू नका.

आधी दोन कुकीज खा, मग गोळी घ्या. आणि रात्री माझ्यासमोर पोळी खा, अगदी तूप लावून. मला वाईट वाटणार नाही. तुम्ही शेजारी बसलात की माझं जेवण होतं.

तुमची,
योगिनी