वलांडीवरचे रबरी बोंबील

मिस्त्री,

मी माझ्या हातांनी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्ही असता तर बरा आहेस का विचारायच्या आधी तेच विचारलं असतं. दातिवऱ्याच्या एका घरासाठी अठ्ठावीस फुटी फायबरची होडी, ती अजून पाण्यात आहे. सालवडच्या बालवाडीत हत्तीची घसरगुंडी, मुलं सोंडेवरून उतरतात. पालघरच्या एका दातांच्या डॉक्टरसाठी चार फुटी दाढ, मुळांसकट. देवळाचा कळस एक, नवरात्रातले सिंह तीन, आणि डेअरीच्या दारातली गाय, जिच्यापाशी खरी वासरं येऊन उभी राहतात. टाक्यांची झाकणं मोजलेली नाहीत. यातल्या कशावरही साच्याचा जोड दिसणार नाही. आणि हे दाखवताना मी प्रत्येकाला सांगत आलो, की मला कोणी शिकवलं नाही, मी स्वतः शिकलो. तुम्हाला लिहायला बसलोय ते या वाक्यासाठी.

तुम्ही कुणाला शिकवत नव्हता हे खरंच आहे. तारापूरच्या त्या फायबरच्या शेडमध्ये रेझिनमध्ये ते घट्ट करणारं हार्डनर घालायची वेळ आली की तुम्ही आमच्याकडे पाठ करायचात. मी एकोणीस वर्षांचा, साच्यांना पॉलिश मारायला ठेवलेला. मला दिसायचं ते फक्त तुमचं उजवं कोपर. थंडीत ते जरा जास्त वेळ वाकलेलं राहायचं, म्हणजे हार्डनर जास्त, उन्हाळ्यात लगेच सरळ व्हायचं. मी मनात आकडे म्हणायचो आणि घरी, पालघरजवळच्या माहीमच्या वाडीत, करवंटीत तेवढंच मिसळून बघायचो. एकदा प्रमाण चुकलं, करवंटी तापून धूर निघाला आणि माझी दोन बोटं भाजली. दुसऱ्या दिवशी तुम्ही ती बोटं बघता, आणि दुपारी डबा उघडता उघडता म्हणता, "माझ्या पाठीकडं बघून शिकलास नव्हं? मग कुणी इचारलं तर तसं सांगत जा. त्यात काय कमीपणा न्हाय." मला चोरी पकडल्यासारखा राग आला होता. मी ते कधीच कुणाला सांगितलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

मागच्या महिन्यात आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला मुलीने सिनेमाच्या थीमवर उभारलेल्या एका मोठ्या पार्कची दोन तिकिटं काढून दिली. पालघरहून गाडी केली. निघतानाच बायकोने बजावलं, "आज कशालाच ठोकून बघायचं नाय. फिरायला चाललोय आपण, पाहणी करायला नाय." मी हो म्हटलं, आणि आत शिरल्यावर पहिल्याच दगडी कमानीवर बोटाने टकटक केलं. फायबर. ती पुढे निघून गेली. पण दिवस छान गेला, मिस्त्री. कुठलीच घाई नव्हती. खोट्या स्टेशनच्या खऱ्या बाकावर बसून आम्ही गोळा खाल्ला. एका जागी जुनी उघडी मोटार होती, तिच्यात बसायचं आणि मागच्या पडद्यावर रस्ता पळायचा. मोटार जागची हलत नव्हती, तरी हिने माझा दंड घट्ट धरला. "पडदा हलतोय फक्त," मी म्हटलं. "माहीत हाय. गप बसा," ती म्हणाली. इतक्या वर्षांत तिने लोकांसमोर असा दंड धरलेला मला आठवत नाही.

दुपारी कोळीवाड्याच्या सेटवर पोचलो. बांबू रोवून, दोऱ्या ताणून वलांडी केलेली, तिच्यावर शे-दोनशे बोंबील वाळत टाकलेले. रबराचे, पण कातडी इतकी पातळ ओतलेली की आतून ऊन दिसत होतं. मी म्हटलं, "याला म्हणतात काम. चूक काढून दाखव." हिचं माहेर दातिवऱ्याच्या कोळीवाड्यातलं, ती बघत राहिली आणि एकदम हसत खाली टेकली. "शेपटीला बांधलेत. चड्ड्या वाळत घातल्यात काय? बोंबील तोंडात तोंड अडकवून टांगतात, एक दोरीच्या इकडे, एक तिकडे. लग्नाच्या आधी हजारो टांगलेत मी." मी पंधरा मिनिटं नुसता जोड शोधत होतो. ती लोकांना अडवायला बांधलेल्या दोरखंडाखालून आत गेली आणि चार जोड्या उलट्या करून जबड्यात जबडा अडकवून टांगल्या. एवढ्यात शिट्टी वाजली, गार्ड आला, त्याच्यामागून सेटचा साहेब. त्याने त्या चार जोड्यांकडे बघितलं, मग बाकीच्यांकडे. त्याला कळलं. "ये किसने बताया?"

मी म्हटलं, "मैंने."

का म्हटलं, माहीत नाही. जीभ तशीच वळलेली आहे. मग जबडे, गळणारं पाणी, वारा, सगळं मी समजावलं, मोबाइलमधले माझ्या कामांचे फोटो दाखवले. साहेब म्हणाला, पाच वाजता ऑफिसात या, मोठ्या साहेबांशी बोलू. बायको पदर सारखा करत समुद्राच्या पडद्याकडे बघत उभी होती. चहा घेताना ती म्हणाली, "तुमी म्हणता ना, स्वतः शिकलो. कसे शिकलात ते आज कळलं." चिडून नाही म्हणाली. बिस्किट बुडवत म्हणाली. मी तिथल्या तिथे तिला तुमचं कोपर सांगितलं, करवंटी सांगितली, तुम्ही डब्यावर म्हणालात तेही. ऐकून ती एवढंच म्हणाली, "मग मिस्त्रींना सांगायचं होतं." तुम्ही वारल्याचं मला दोन वर्षांनी कळलं होतं, आणि घाटावरचं तुमचं गाव कुठलं हे मी कधी विचारलंही नव्हतं.

पाच वाजता मी एकटाच ऑफिसात गेलो. आधी सांगितलं की चूक बायकोने काढली, मी नाही. दोघे साहेब हसले. "एक ही बात है, भाभीजी आपके ही घर की हैं." त्यांना सबंध कोळीवाडा नव्याने हवा होता, होड्यांसकट, चार महिन्यांत. मी म्हटलं, फायबर मी करीन, पण मांडणी ती सांगेल आणि सेटसमोरच्या पाटीवर तिचं नाव पाहिजे. साहेब म्हणाला, पाटीवर एकच नाव बसतं, कारागिराचं. मी हात जोडून उठलो. गाडीत तिने विचारलं तेव्हा सांगितलं, लांब पडतं, नाय जमणार. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, घ्या, पाटी काय खायची हाय? तिच्या नावासाठी नकार दिला, तोही तिला न विचारता. आणि पुढच्या आठवड्यात, हो म्हणावं म्हणून, मी तीनदा त्यांचा नंबर काढला आणि ठेवून दिला. हे तिलाही माहीत नाही, आणि हे पत्र तर कुठेच जायचं नाही. म्हणून तुम्हाला आकडाही सांगतो. नाकारलेलं काम सहा लाख चाळीस हजारांचं होतं, रेझिनचा खर्च त्यांचा.