बूट आले

९ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

चि. छोट्या,

आशीर्वाद. टक्कल पडायला लागलं तरी माझ्यासाठी तू छोट्याच, तेव्हा नाक मुरडू नकोस. माझं बरं चाललंय. गुडघा कुरकुरतो, पण शाळेचे जिने अजून चढू देतो. स्वयंपाकघरातला नळ गळायचा एकदाचा थांबला.

दाराला कुलूप पाहून तू चक्रावला असशील. हे पत्र म्हणूनच तुमच्या शेजारच्या काकूंकडे देतेय. दोघी माझ्याकडे आहेत, सुखरूप आहेत. चिमणी जेवून चित्र काढत बसलीये, तुझी बायको झोपलीये. का, ते सांगायलाच बसलेय, पण हात पुढे सरकत नाही. आधी वर्गातलं सांगते.

काल मुलांना लक्षणा शिकवत होते. व्याख्या सगळ्यांच्या डोक्यावरून गेली. मग म्हटलं, 'वर्ग हसला' म्हणतो ना आपण? भिंती हसतात का? हसतात ती आतली मुलं. जवळच्या वस्तूचं नाव घ्यायचं आणि समजायचा माणूस. आता घरीदारी तुम्ही असं काय म्हणता, सांगा. मग काय, कार्टी सुटलीच! खेळाचे सर म्हणजे 'शिट्टी'. मुख्याध्यापिकाबाई म्हणजे 'चष्मा'. आणि मी 'खडू', हेही मला कालच कळलं.

तेवढ्यात चिमणीनं हात वर केला. एरवी तोंडातून शब्द न काढणारी पोर. शाळेत मला बाई म्हणायचं, आत्या फाटकाबाहेर, हा आमचा करार ती कसोशीनं पाळते. उभी राहून म्हणाली, "बाई, बूट आले."

"बूट म्हणजे कोण?"

"बाबा."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. मी विचारलं, "बूटच का गं?"

"तिथून बूटच दिसतात."

"कुठून?"

"पलंगाखालून."

छोट्या, मी "छान" म्हणाले आणि पुढच्या मुलाला उठवलं. छान!

मधल्या सुट्टीत तिला जवळ घेऊन विचारलं, हे तुला बाबांनी शिकवलं का? म्हणाली, "नाही, माझं मीच." मग तेव्हा आई कुठे असते? "आई मावत नाही, आत्या. ती बाहेरच असते." करार मोडला हे तिच्या लक्षातही आलं नाही.

आठवतंय तुला? हा शब्द तुझा होता. पाच वर्षांचा असशील. जिन्यात अण्णांची चाहूल लागली की तू कुजबुजायचास, "ताई, बूट आले," आणि आपण दोघं पलंगाखाली. अण्णांचा तेव्हाचा चेहरा मला आज आठवत नाही, बुटांच्या नाड्या आठवतात. तुझा आवाज बाहेर जाऊ नये म्हणून मी तुझ्या तोंडावर हात धरून ठेवायचे. आपली आईही मावायची नाही.

तू पोरीला तो शब्द कधीच सांगितला नसशील. मीही नाही. तो तिला तिचा तिला सापडला, आणि हेच मला सहन होत नाही. माझा भाऊ तसा नाही, असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं रे!

काल शाळा सुटल्यावर तुझ्या घरी गेले. तुझी बायको आधी म्हणाली, कपाटाचं दार लागलं. मग तिनं बाही वर केली. आज सकाळी तू कामावर गेल्यावर दोघींना घेऊन आले.

त्या परत येणार की नाही, ते त्या ठरवतील. मी नाही, आणि तू तर नाहीच. दारात येऊन आरडाओरडा केलास तर पोलिसांना बोलावीन. भाऊ म्हणून गय करणार नाही.

त्यांनी ये म्हटलं तर मात्र ये. बूट खालीच, जिन्यापाशी काढ. वर येताना हाक मार. चिमणी पलंगाखाली गेली तर तिला ओढू नकोस. जमिनीवर आडवा हो, गाल फरशीला टेकव, आणि आपण असायचो तिथे बघ.

अजून तुझ्या तोंडावर हात धरून बसलेली,
ताई