आबांच्या सायकलची नवी सीट

६ फेब्रुवारी १९९४, रविवार. सकाळी ७.१०. स्पोक पुसत होतो.

मागचे चाळीस झाले, पुढचे बत्तीस बाकी. तेवढ्यात आबांनी त्यांची सायकल माझ्या सायकलवर टेकवली. मडगार्डाला ओरखडा! आठ महिने जपलेलं मडगार्ड!

त्यांच्या सायकलला रंगच उरलेला नाही. दांडीवर पोती घासून घासून नुसतं लोखंड. फाटक्या सीटला सुतळी गुंडाळलेली. म्हटलं, एकदा नीट करून देतो. "माज्या सायकलला हात लावायचा न्हाय."

आई म्हणाली, "तू तुजी देव्हाऱ्यात ठेव."

८ फेब्रुवारी

त्यांच्या चेनची कुरकुर गल्लीच्या तोंडापासून ऐकू येते. चार थेंब ऑइल! तेवढंही नाही.

१० फेब्रुवारी

आबा हल्ली सायकलवर बसतच नाहीत. सानपाड्याहून मार्केटपर्यंत हातात धरून नेतात. का? "गुडगा दुखतूया." मग सायकल हवी कशाला? त्यांच्याबरोबर पोती उचलणारे जोतीरामकाका म्हणाले, "तुजा बाप सायकलला फिरवून आणतूय, लका." सगळे हसले. मला हसू आलं नाही.

१३ फेब्रुवारी, रविवार

आबा लग्नाला कळंबोलीला गेले. संधी! सगळा गंज पॉलिश पेपरने घासला, काळा रंग दिला. सुतळी कापून टाकली. नवी सीट, नव्या मुठी, चेनला ऑइल. सहा तास! दुकानातून आणल्यासारखी झाली.

आबा आले. सीटवरून हात फिरवला. पुन्हा फिरवला. "कुनी सांगितलं हुतं तुला?" बस, एवढंच! कौतुकाचा एक शब्द नाही. जेवलेही नाहीत. काय माणूस आहे!

१४ फेब्रुवारी, सोमवार

दुपारी मार्केटवर गेलो. लोक सायकलला काय म्हणतात ते ऐकायचं होतं.

कामावरून सुटलेले आबा सायकलींच्या रांगेत होते. एकेका सीटवर तळवा ठेवत, चाचपत. स्वतःच्या सायकलवर हात ठेवला आणि पुढच्या सायकलकडे गेले. मी समोर पाच हातांवर उभा. माझ्याकडे बघितलं, पण मी दिसलो नाही.

मुकादम आला. "काय मानसिंग, सायकल घावंना व्हय?"

याला कळलं तर उद्यापासून आबांच्या पाठीवर पोतं देणार नाही.

मी मोठ्याने म्हणालो, "आबा, सायकल मी नेली होती. ही बघा, आत्ताच आणली."

आबांनी आवाजाकडे तोंड वळवलं. "मग सांगून न्यावी, लका!"

हसत म्हणाले. माझं मनगट मात्र घराच्या दारापर्यंत सोडलं नाही.